दोन काठांवरचे दोन राजे

फार जुनी गोष्ट आहे. युरोपच्या उत्तरेकडच्या एका राज्यात डिसेंबरच्या सहाव्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. वारा मात्र नव्हता. त्या दिवशी राजाने आपल्या सात वर्षांच्या मुलाला मुकुट घातला.

राजा स्वतः राजघराण्यातला नव्हता. आधीचा राजा निपुत्रिक वारला, म्हणून सरदारांनी याला निवडले होते. आपल्यामागे ते आणखी कुणाला निवडतील, ही धास्ती त्याला झोपू देत नसे. आपल्या डोळ्यांदेखत मुलगा राजा झाला की वंश पक्का, असे त्याला वाटे.

सरदार कबूल झाले. पण त्या देशाचा एक रिवाज होता. मुकुट घातलेली दोन माणसे नदीच्या एकाच काठावर राहत नसत, भेटीपुरतीही येत नसत. एकाच हल्ल्यात किंवा एकाच साथीत दोघे गेले, तर राज्य पोरके व्हायचे. म्हणून मुलाला नदीपलीकडच्या गढीत धाडायचे ठरले.

नावेत बसताना मुलाने विचारले, "बाबा, मला पोहायला तुम्हीच शिकवणार होता ना?"

"उन्हाळ्यात," राजा म्हणाला.

मग राजा रोज संध्याकाळी बुरुजावर चढू लागला. पलीकडच्या गढीतून धूर निघाला की म्हणे, "आता जेवायला बसला असेल."

राजाची म्हातारी दाई अजून वाड्यात होती. तिने त्याला न्हाऊमाखू घातले होते, त्यामुळे ती त्याला अरेतुरेच करी. "धूर काय बघत बसतोस? मुकुट उतरव, गादी सोड आणि जा पलीकडे. फार तर डोक्याला थंडी वाजेल!"

"वंश अजून कच्चा आहे, दाई. पुढच्या वर्षी जाईन."

"पोर म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

पुढच्या वर्षी सीमेवर बंड झाले. त्याच्या पुढच्या वर्षी सरदार रुसले. असे करता करता राजाची दाढी पांढरी झाली.

एका हिवाळ्यात त्याला बुरुजाच्या पायऱ्या चढवेनात. तेव्हा त्याने मुकुट उतरवून पेटीत ठेवला आणि मुलाला बोलावणे धाडले.

मुलगा लगेच आला. उंच, देखणा, दाढी राखलेला. आत शेकोटीपाशी तीन म्हातारे घोंगड्या पांघरून बसले होते, राजा आणि त्याचे दोन जुने सरदार. तरुण दारातच थबकला. तिघांकडे पाहून झाल्यावर तो दाईकडे वळला आणि हळूच म्हणाला, "आजी, यांतले माझे वडील कोणते?"

राजाने ते ऐकले. त्याने हाक मारायला तोंड उघडले, पण मुलाचे लहानपणीचे लाडाचे नाव त्याला आठवेना. इतकी वर्षे निरोप धाडताना तोही त्याला 'राजे' म्हणत आला होता.

"बसा, राजे," शेवटी तो म्हणाला.

त्याच आठवड्यात म्हातारा राजा वारला. एकाही सरदाराने नवी निवड मागितली नाही. त्याचा वंश त्या गादीवर दोनशे वर्षे टिकला.

वंशाच्या काळजीने लेकराला दूर ठेवणाऱ्याला वारस मिळतो, पण लेकरू हातचे जाते.