फेमकेचं फावडं

समुद्रापेक्षा खाली वसलेल्या एका गावात बारेंड नावाचा एक शेतकरी राहत होता. समुद्रापेक्षा खाली गाव कसं असेल, असं विचाराल. हॉलंड देशात तसं असतं. तिथल्या माणसांनी समुद्र मागे रेटून जमीन काढली आणि मध्ये मातीचा उंच, लांबलचक बांध घातला. बांधाच्या पलीकडे लाटा, अलीकडे कुरणं, गाई आणि कौलारू घरं. घरात जेवायला बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा समुद्र उंच! आपल्याला ऐकूनच धडकी भरते. ती माणसं मात्र निवांत झोपत, कारण बांध धड होता.

आता बांध धड कसा राही ते ऐका. त्या गावाला ना राजा होता, ना सरदार. दर वसंतात घरोघरची माणसं चर्चच्या अंगणात जमत आणि हात वर करून आपल्यातल्याच एकाला बांधप्रमुख निवडत. जमिनीबरोबर प्रत्येक घराच्या वाट्याला बांधाचा एक तुकडा येई. ज्याचा तुकडा त्यानेच सांभाळायचा. खचला तर माती टाकायची, घुशींनी बीळ केलं तर बुजवायचं, वादळ आलं तर तिथे उभं राहायचं. सबब कुणाचीच चालत नसे. समुद्र सबब ऐकत नाही, मग बांधप्रमुख तरी कशाला ऐकेल?

ज्याला हे झेपत नसे त्याच्यासाठी एक कायदा होता, आणि मोठा कडक होता. त्याने आपलं फावडं आपल्या तुकड्यावर रोवायचं आणि बायकापोरांना घेऊन गाव सोडायचं. तिकडची फावडी आपल्यासारखी वाकडी नसतात. सरळ दांडा, सरळ पातं. रोवलं की ताठ उभं राहतं, लांबून दिसतं. ते फावडं जो उपटेल त्याला त्या घराची जमीन, कुरण, छप्पर सगळं मिळे. बांधाचा तुकडाही त्याच्याच गळ्यात पडे.

बारेंड माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पहाटे उठून गाई पिळायचा, चीज करायचा, होडीत घालून शहराच्या बाजारात न्यायचा. बायको आणि दोन मोठे मुलगे हाताशी होते. पण जमीन दिसली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. तेवढी एक खोड होती.

एका साली त्याचा शेजारी डिर्क गवताच्या माळ्यावरून पडला आणि कमरेतून गेला. डिर्कची पोरं लहान. त्याच्या तुकड्याकडे बघायला कुणी राहिलं नाही. बारेंडने चार दुपारी हात दिला असता तर निभावलं असतं. पण बारेंड म्हणाला, कायदा तो कायदा. शरदात एका सकाळी डिर्कचं फावडं बांधावर उभं राहिलं. डिर्कची गाडी वेशीबाहेर पडते न पडते तोच बारेंडने ते उपटलं. पुढच्या साली एका म्हाताऱ्या जोडप्याने फावडं रोवलं. तेही बारेंडनेच उपटलं.

मग काय विचारता! गाई दुप्पट झाल्या. माळ्यावर चिजाच्या चकत्या आढ्याला टेकल्या. डिर्कच्या घरात बारेंडने गवत भरलं, म्हाताऱ्यांच्या घरात वासरं बांधली. स्वारी गावातून नाक वर करून हिंडू लागली. इकडे पाववाल्याने भट्टी लहान केली, कारण खाणारी तोंडं कमी झाली होती. शाळेचे बाक रिकामे पडले. बारेंडच्या हे लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या शरदात बांधप्रमुख गोसे तपासणीला आला. गोसे म्हातारा होता आणि कमी बोलायचा. हातातली लांब काठी बांधात खुपसत खुपसत तो डिर्कच्या जुन्या तुकड्याशी पोचला. तिथे काठी सर्रकन आत गेली. आत घुशींनी गल्ल्याच काढल्या होत्या. गोसे ओरडला नाही. हिवाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या आत हे नीट कर, नाहीतर काय रोवायचं ते तुला ठाऊक आहे, एवढं सांगून तो पुढे गेला.

बारेंड हिशेब करू लागला. चार माणसं आणि बांधाचे तीन तुकडे. त्यात गाई दोन वेळा पिळायच्या, चीज उलटसुलट करायचं. दिवस पुरेना. शेवटी तो शहरातल्या बंदरावर मजूर आणायला गेला. मजुरी भरपूर सांगितली. काही जण यायला तयारही झाले. तेव्हा बारेंडने विचारलं, की वादळ आलं तर माझ्या बांधावर उभे राहाल ना?

त्यातला एक जण हसला. "मालक, माती टाकायला येऊ. पण पाणी चढलं की माणूस आपल्या घराकडे धावतो, आणि आमची घरं इकडे आहेत."

बारेंड तसाच परतला. गावात शिरताना पहिल्यांदाच त्याची नजर धुराड्यांकडे गेली. अशी फावडी इतरांनीही उपटली होती. किती तरी धुराडी थंड होती, आणि त्यातली दोन त्यानेच थंड केली होती. त्याला वाईट वाटलं, मनापासून वाईट वाटलं. वादळात डिर्क आणि त्याची पोरं जिथे उभी राहिली असती, तिथे आता गवताच्या पेंढ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर आणखी एक फावडं उभं होतं. ते फेमकेचं होतं. फेमकेचा नवरा मासेमारीच्या होडीवर गेला तो परत आलाच नव्हता. म्हाताऱ्या सासूला सांभाळून एकटीने बांध राखता राखता ती थकली होती. सगळं गाव बांधावर जमलं. बाकीच्यांना आपापला तुकडाच जड झालेला, त्यामुळे पुढे कुणी सरकेना. सगळ्यांचे डोळे बारेंडवर.

फेमकेची जमीन गावात सगळ्यात कसदार होती. काळीभोर माती, आणि कालवा थेट दारापर्यंत आलेला. चीज भरलेली होडी अंगणातून सोडावी! कित्येक वर्षं बारेंडचा त्या जमिनीवर डोळा होता. तो पुढे झाला. सवयीने त्याची मूठ दांड्यावर बसली. एक हिसका दिला की काम फत्ते.

त्याने वेशीकडे पाहिलं. फेमके घोड्याचा लगाम धरून चालली होती. गाडीत गाद्यांच्या ढिगावर सासू बसली होती, मांडीवर कोंबड्यांची टोपली. मागे फेमकेच्या घराचं धुराडंही थंडच होतं. बारेंडने दांडा सोडला आणि लाकडी बूट खडखडवत तो गाडीमागे धावत सुटला. लोकांनी तोंडात बोटं घातली.

फेमके थांबली. "जमीन तुमची झाली. आता माझ्यामागे कशाला आलात?"

बारेंडला धाप लागली होती. "मला जमीन नको, फेमके. मला शेजार हवा."

शेजाराने माझा बांध कसा झेपेल, असं तिने विचारलं. बारेंड म्हणाला, की तुझ्या बांधावर माती मी टाकतो, वादळात तू माझ्या बांधावर उभी राहा. फेमके विचारात पडली. तेवढ्यात सासूबाईंनी गाडीतून कळवलं, की थंडी फार आहे, काय ठरवायचं ते लवकर ठरवा.

गाडी वळली. पण रोवलेल्या फावड्याचं काय? सगळ्यांनी गोसेकडे पाहिलं. गोसेने डोकं खाजवलं. जो उपटेल त्याची जमीन, असं कायदा सांगतो. जिने रोवलं तिने उपटू नये, असं तो कुठेच सांगत नाही, असा निवाडा त्याने दिला. मग फेमकेने आपलं फावडं आपल्याच हाताने उपटलं.

त्याच आठवड्यात बारेंडने डिर्कला शोधून परत आणलं आणि त्याची जमीन त्याला देऊन टाकली. देताना त्याचा जीव तुटला. तो एका रात्रीत देवमाणूस झाला, असं मी सांगणार नाही. म्हातारं जोडपं परत यायला तयार नव्हतं, म्हणून त्यांची जागा त्याने बंदरावरच्या त्या हसऱ्या मजुराला दिली. तो बायकोला घेऊन राहायला आला. आता पाणी चढलं की तो इकडेच धावणार होता. डिर्कची कंबर एव्हाना सावरली होती. त्याने आल्या आल्या आपला बांध पाहिला आणि बारेंडने माती किती वाईट दाबली आहे यावर तासभर कुरकुर केली. बारेंड ती कुरकुर गालातल्या गालात हसत ऐकत राहिला. सगळ्यांनी मिळून घुशींच्या गल्ल्या बुजवल्या.

हिवाळ्यात वादळ आलं. समुद्र बांधाच्या काठाला येऊन भिडला. बारेंडच्या स्वतःच्या तुकड्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पाणी पाझरू लागलं. तिथे फेमके उभी होती. तिने हाक मारली. डिर्क आला, त्याची पोरं आली, मजूर आणि त्याची बायको आली. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन सगळे भिडले. दुपार कलल्यावर ओहोटी लागली आणि गावाचा जीव भांड्यात पडला. वसंतात चर्चच्या अंगणात लोकांनी हात वर केले आणि कायदा बदलला. रोवलेलं फावडं दिसलं की प्रत्येकाने आपलं फावडं घेऊन ते रोवणाऱ्याच्या मदतीला जायचं, असं ठरलं.

त्या वर्षी बारेंडच्या माळ्यावर चीज निम्मंच होतं. पण रात्री समुद्र गर्जू लागला की तो कूस बदलायचा आणि पुन्हा झोपून जायचा.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या अडचणीत स्वतःचा लाभ शोधणारा शेवटी एकटा पडतो, शेजाऱ्याला हात देणारा स्वतःचंही घर राखतो.