सदतीस आणि सहा

“आता आणखी काय तपासायचे राहिले, बुवा?”

हेरंबने आराखडा मेजावर पसरला. माध्यान्हीस वीजकेंद्राचा तिसरा जनित्रसंच जुन्या दोन संचांच्या जोडीला यायचा होता. संच त्याने स्वतः उभारलेला. सकाळी पूजा झाली होती, आणि मुख्य अभियंते आरंभासाठी येऊन बसले होते.

नागेशबुवा चाचणी विभागाचे प्रमुख. एकादशीला कीर्तन करीत, म्हणून बुवा. त्यांच्या सहीवाचून केंद्रात काही जोडले जात नसे.

“शॉर्ट सर्किट झाले, तर विजेचा लोंढा किती?”

“बाहेरच्या जाळ्यातून सव्वीस किलोअँपिअर. जुन्या संचांतून अकरा. एकूण सदतीस. माझा ब्रेकर चाळीसपर्यंतचा लोंढा तोडतो.”

“आणि तुझा संच?”

“बिघाड माझ्या संचात झाला, तर बाकीचे त्यात ओततील. तो स्वतःच ब्रेकरमधून स्वतःकडे कसा येईल?”

“यथार्थ आहे.”

हेरंब हसला. “मग सही करा. जोडणीच्या वेळी मी त्या ब्रेकरपाशी उभा राहतो. तुम्हीही या.”

“तिथे तर मी निर्धास्त डोळे मिटून जप करीत बसेन.”

बुवांनी खिडकीबाहेर पाहिले.

“घोलप कुठे उभा आहे?”

बाहेर स्विचयार्डात, गावाकडे जाणाऱ्या वाहिनीच्या जुन्या ब्रेकरपाशी, केंद्रातले जुने तंत्रज्ञ घोलपमामा त्यातल्या वायूचा दाब पाहत होते.

“तोही ब्रेकर चाळीसचाच आहे,” हेरंब म्हणाला.

“आणि बिघाड गावच्या वाहिनीवर झाला, तर त्यात कोण कोण ओततील?”

“सगळे...”

बुवांनी आराखड्यातल्या तिसऱ्या संचावर तळहात ठेवला.

“सदतीस.”

मग तळहात उचलला. खाली हेरंबच्याच सुबक अक्षरात आकडा होता. सहा.

...

“त्रेचाळीस,” हेरंब हळूच म्हणाला. “तो ब्रेकर फुटेल.”

बुवांनी सही न करता लेखणी खिशाला लावली.

हेरंबने फोन उचलला. “कंट्रोल रूम? जोडणी आज होणार नाही. गावचा ब्रेकर बदलल्याशिवाय नाही.”

“साहेब, नारळ तर फुटला की.”

“नारळच फुटू द्या. मोठ्या साहेबांना मी येऊन सांगतो.”

फोन ठेवून तो दारापर्यंत गेला. तिथेच थबकला.

“बुवा, आठ दिवस तुम्ही माझा संच तपासलात. एक तरी दोष सापडला?”

“एकही नाही.”

“मग बिघाड दुसऱ्याचा असताना, हा माझा संच घोलपमामांच्या जिवावर का उठावा?”

बुवांनी आराखड्याची घडी केली आणि त्याच्या हाती दिली.

“निर्दोष आहे ना... म्हणूनच तर सर्व बळानिशी धावून जाईल.”