वीस प्रश्न आणि रिकामं तबक

"म्हणजे अक्काला मठातून पाठवायचं म्हणतोस?" रेवणबाबांनी विचारलं.

"मी नाही बाबा. चाचणी म्हणते."

चिदंबर दमला होता. शहरात डॉक्टरी शिकून तो मठात आला होता. सांधे धरलेल्या माणसाला कितपत काम झेपतं, हे ठरवणारे वीस प्रश्न त्यानं स्वतः बेतले होते. आज सकाळपासून ते मठातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारून झाले. तीस वर्षं समईच्या वाती वळणाऱ्या यमुनाक्का चौदा प्रश्नांत नापास. आता त्यांनी भाच्याकडे जाऊन विसावा घ्यावा. भाचा त्यांना दारात उभं करत नव्हता, हे मात्र कागदावर नव्हतं.

"काय जमलं नाही तिला?"

"शर्टाची बटणं लावणं. नळ पिळणं..."

कोपऱ्यातून अक्का हसल्या. "लेकरा, जन्मात शर्ट घातला नाही रे मी. आणि नळ कुठाय इथं? आड आहे."

चिदंबर वरमला, पण हटला नाही. "बोटं वाकडी झालीत त्यांची, बाबा."

"बरं..." गुडघा दाबत बाबांनी मांडी मोडली. "शहरात आणखी काय शिकलास?"

"वाचणाऱ्याचे डोळे कुठं थांबतात, कितीदा मागं येतात, ते मोजायला."

"मग अक्काला पुन्हा विचार. सकाळी विचारलंस तसंच."

बाबांनी एक रिकामं तबक पुढ्यात ओढलं आणि मूठभर वाती हातात घेतल्या.

चिदंबरनं कागद उलगडला. प्रश्न वाचायचा, उत्तर ऐकायचं, खूण करायची. वीस प्रश्न झाले.

"झालं, बाबा."

बाबांनी मूठ उघडली. वाती तशाच होत्या.

"तुझा डोळा कागदावरून उठून अक्काकडे गेला की एक वात तबकात ठेवणार होतो."

तबक रिकामं होतं.

...

चिदंबरनं मान वर केली. अक्का बोटं वापरतच नव्हत्या. तळहाताच्या कडेनं कापूस मांडीवर घोळवत होत्या. वीस प्रश्नांत पदरात वातींचा ढीग झाला होता.



बाबांनी तबक अक्कांकडे सरकवलं. "उद्याच्या वाती यात ठेव गं."

चिदंबरनं विचारलं, "मग... निकाल काय लिहू, बाबा?"

थकलेले डोळे मिटत बाबा म्हणाले, "कुणाचा?"