अनोळखी फाइल

“पण सर, एकही सुटला नाही म्हटल्यावर तपासायचं राहिलं काय?”

वैजयंती कुलगुडे हे जरा जोरातच म्हणाली. इनामदार सरांच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर घेवड्याच्या शेंगा पसरलेल्या होत्या. त्यांनी एका शेंगेची शीर काढली, शेंग मोडून पातेल्यात टाकली, दुसरी उचलली…

मिरजेतल्या त्या ओसरीवर ती बऱ्याच वर्षांनी बसली होती.

पुण्यात आता तिची स्वतःची प्रयोगशाळा होती. बाजारात येणारी अँटिव्हायरस सॉफ्टवेअर तिथं तपासली जात. गोळा करून ठेवलेले व्हायरस एकेका कॉम्प्युटरवर सोडायचे, कोणतं सॉफ्टवेअर किती पकडतं ते बघायचं. तिच्या शब्दावर कारखाने, दवाखाने, दुकानं आपापल्या कॉम्प्युटरवर काय बसवायचं ते ठरवत. उद्या सकाळी सांगलीत एका दूध संघाला ती असाच शब्द देणार होती. संघाची कार्यालयं, गावोगावची संकलन केंद्रं, शिवाय कर्मचाऱ्यांच्या घरचे कॉम्प्युटर… सगळीकडं एकच सॉफ्टवेअर बसणार होतं, आणि ते तिनं निवडलं होतं.

म्हणून ती वाट वाकडी करून आधी मिरजेला उतरली. सल्ला घ्यायला नव्हे, शाबासकी घ्यायला. पण हे तिनं कुणी विचारलं असतं तरी कबूल केलं नसतं.

“पैकीच्या पैकी?” सरांनी विचारलं.

“पैकीच्या पैकी. जुने, नवे, कालपरवाचे… सगळे पकडले. मशीन फारसं मंदावत नाही. आणि कुणाला काही विचारत बसत नाही. सापडला की साफ.”

“विचारत नाही?”

“नाही. लोकांना कशाला त्रास, सर? त्यांना कुठं त्यातलं कळतंय.”

“हं…”

एवढंच म्हणून सर पुन्हा शेंगांकडं वळले. वैजयंतीला थोडं हिरमुसल्यासारखं झालं. सर म्हातारे झाले, तिच्या मनात आलं. हात थरथरतात. चष्म्याची काच जाड झाली आहे. आताचं हे सगळं त्यांच्यापर्यंत पोचत नसेल.

आणि हेच ते सर, ज्यांच्यामुळं ती या धंद्यात पडली होती.

सरांचा क्लास सतारीच्या एका दुकानावर होता. खाली पटाशीचा आवाज, लाखेचा वास आणि तारा जुळवताना निघणारे सूर. वर चपला काढून शिरायची खोली आणि त्यात रांगेनं मांडलेले कॉम्प्युटर. सरांच्या पत्नी रझियाकाकूंनी शिवलेली निळ्या कापडाची कव्हरं त्यांच्यावर असायची. ती घडी घालून बाजूला ठेवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आपापली फ्लॉपी आणायची, पण ती आधी सरांच्या हातात द्यायची. सर ती उलटसुलट बघत आणि दर वेळी तेच विचारत.

“कुठून आली? कुणाकुणाच्या हातून आली?”

पोरं वैतागायची. मामेभावाने दिली, त्याला मित्राने दिली, एवढ्यावर सरांचं समाधान व्हायचं नाही. तो मित्र काय करतो, त्याच्या ऑफिसात मशीन कुणाकुणात आहे, हेसुद्धा सांगायला लागायचं.

एकदा एका मशीनवर अक्षरंच गळायला लागली. पडद्यावरची ओळ वाचता वाचता तिच्यातलं एक अक्षर सुटलं आणि तळाशी जाऊन पडलं. मग दुसरं. मग शेवग्याच्या पाल्यासारखी भुरुभुरु सगळीच. पोरं हसत होती. वैजयंती मात्र भान हरपून बघत राहिली होती. न दिसणारं काहीतरी आत शिरतं आणि लिहिलेलं खाली पाडतं… त्या दुपारी तिचं पुढचं आयुष्य ठरलं.

त्या काळी अँटिव्हायरसची फ्लॉपी टपालानं यायची, तीही महिनोन् महिने उशिरा. सर ती लावत. काही संशयास्पद सापडलं की काळ्या पडद्यावर प्रश्न उभा राहायचा, फाइल पुसू का, हो की नाही. सरांचं बोट कळेच्या वर थांबायचं. लगेच खाली यायचं नाही. ज्याची फ्लॉपी असेल त्याला ते हाक मारत.

“ये. यात तू काय ठेवलं होतंस, आठवून सांग.”

केवढा वेळ जायचा त्यात. आणि केवढा वेळ होता तेव्हा सगळ्यांकडं…

“यासीन आठवतो?” सरांनी अचानक विचारलं.

वैजयंतीने मान वर केली. यासीन शिकलगार. खालच्या सतारवाल्यांचा मुलगा, क्लासमध्ये तिच्या शेजारच्या मशीनवर बसायचा. बोटांना कायम लाखेचे डाग. शिकून मुंबईला नोकरीला लागला आणि पहिल्याच वर्षी कावीळ होऊन गेला. ती तेव्हा पुण्यात परीक्षा देत होती. तिला बातमी कळली तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं.

“आठवतो, सर.”

“त्यानं एक प्रोग्राम केला होता. मराठी टायपिंगचा.”

“वरून अक्षरं येतात, ती जमिनीवर पडायच्या आत टाइप करायची.” ती हसली. “त्या व्हायरसवरूनच सुचलं होतं त्याला. आणि सगळी वाचवली की शेवटी सूर वाजायचे.”

“नव्या सतारीवर तारा चढवल्या की त्याचे वडील आधी जी गत वाजवायचे ती.”

“हो…”

“फ्लॉपी सापडली मला. बुरशी आली होती. कोल्हापूरच्या एका मुलानं खटपट करून त्यातलं बाहेर काढलं.”

सरांनी हात पुसले. सदऱ्याच्या खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला आणि तिच्यापुढं धरला.

“ऐकायचंय?”

वैजयंतीने घाईनं लॅपटॉप उघडला. असले जुने प्रोग्राम चालवायची सोय तिच्याकडं होतीच. तिनं पेन ड्राइव्ह लावला. त्याचं नाव पहिल्याच पडद्यावर यायचं, ते तिला आठवत होतं. नावाखाली त्यानं मोठ्या हौसेनं एक सतारही काढली होती, नुसत्या रेघा आणि ठिपके जोडून…

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उमटली.

‘एक धोका आढळला. काढून टाकला.’

चौकट आपोआप मिटली.

तिनं पेन ड्राइव्ह उघडून बघितला. आत काही नव्हतं.

तिनं पुन्हा बघितलं. मग लॅपटॉपवर बसवलेल्या त्याच सॉफ्टवेअरच्या आत शिरून शोधलं. भरवशाची फाइल आधी नोंदवून ठेवायची सोय त्याच्यात होती, ती तिनं कधी वापरलीच नव्हती. पकडलेली फाइल कोपऱ्यात राखून ठेवायचीही होती, पण ती तिनंच बंद केली होती. प्रयोगशाळेतल्या सगळ्या मशीनवर केली होती. संशय आला की कायमचं पुसून टाकायचं. कडक शिस्तीत ते कसं वागतं ते बघायचं होतं, आणि ते फार छान वागलं होतं.

“सर…”

“काय झालं?”

“गेला.”

“कोण?”

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. सरांनी चष्मा वर सरकवून ती रिकामी जागा बघितली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“व्हायरस होता त्यात?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. यासीननं कशाला… जुने प्रोग्राम असेच लिहिलेले असायचे, सर. सरळ मशीनच्या पोटात हात घालायचे. आता तसं कुणी करत नाही. केलं तर चोरच करतात. आणि हा प्रोग्राम जगात दुसऱ्या कुणाकडंच नाही. यानं तो कधी बघितलेलाच नव्हता.”

“म्हणून पुसला.”

“म्हणून पुसला.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग पुन्हा सामसूम…

“चांगले प्रोग्राम उगाच पुसतंय का, तेही मी बघितलं होतं,” ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. “एकही पुसला नव्हता.”

“कुठले घेतले होतेस?”

“नेहमीचे. सगळीकडं चालतात ते.”

“नामांकित.”

सरांनी आपला उजवा हात पुढं केला आणि एक बोट लॅपटॉपच्या कळांवर धरलं. टेकवलं नाही. तसंच अधांतरी ठेवलं. सर तिच्याकडं बघत होते, पूर्वी फ्लॉपीच्या मालकाकडं बघत तसे.

“त्या संकलन केंद्रांवर काय चालतं, वैजू?”

वैजयंतीला उत्तर माहीत होतं. मागच्या महिन्यात ती अशा एका केंद्रावर गेली होती. कळकट कीबोर्ड, शेजारी दुधाचे कॅन, आणि पडद्यावर फॅट मोजून दर काढणारा एक प्रोग्राम. त्याच गावातल्या कुणा पोरानं कधीकाळी लिहून दिलेला. पोरगा पुढं कुठं गेला ते तिथल्या सचिवालाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक केंद्राचा प्रोग्राम वेगळा. जगात दुसरीकडं कुठं नसलेला. तिनं तो बघितला होता, आणि किती जुनाट म्हणून मनात हसली होती.

सॉफ्टवेअर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे लोक दूध घेऊन येतील. रांग लागेल. सचिव बटण दाबेल. कोपऱ्यात चौकट उमटेल आणि आपोआप मिटेल. कुणाला काही विचारणार नाही. कुणाला काही कळणारही नाही.

सरांनी बोट मागं घेतलं.

ती उठून अंगणात गेली. पेरूच्या झाडाखाली उभं राहून तिनं पुण्याला आपल्या सहकाऱ्याला फोन लावला. उद्या शिफारस द्यायची नाही, म्हणाली. आधी केंद्रांवर जायचं. एकेकाला विचारायचं, काय चालतं, कुणी लिहिलं, ते बंद पडलं तर काय होईल. मग ठरवू. पलीकडून बराच वेळ काहीबाही बोलणं चाललं होतं. संघाचे अध्यक्ष रागावतील, हे काम हातचं जाईल, एवढं पैकीच्या पैकी असताना…

“जाऊ दे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ओसरीवर परत आली तेव्हा सरांनी शेंगांचं वर्तमानपत्र गोळा केलं होतं. ती त्यांच्यापुढं खाली, जमिनीवरच बसली. क्लासमध्ये खुर्च्या कमी पडल्या की बसायची तशी.

“सर, तो प्रोग्राम… ती फ्लॉपी अजून…”

“फ्लॉपी आता वाचता येत नाही.”

तिनं डोळे मिटून घेतले. यासीनची ती गत तिला आठवायला लागली. अर्धी आठवली, पुढं जाईना. पुढं काय होतं? वर जायचे सूर, की खाली यायचे?

“ये आत,” सर म्हणाले.

आतल्या खोलीत खिडकीशी एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर निळ्या कापडाचं कव्हर होतं. रझियाकाकू लेकीकडं सोलापूरला गेल्या होत्या, पण कव्हर इस्त्री केलेलं होतं. सरांनी ते काढलं, घडी घातली, बाजूला ठेवलं आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. यासीनचं नाव आलं. त्याच्याखाली रेघांची आणि ठिपक्यांची सतार.

वैजयंती बघतच राहिली.

“बस,” सर म्हणाले. “अक्षरं वाचव. त्याशिवाय वाजायचं नाही.”

वरून अक्षरं यायला लागली. पहिली काही तिच्या हातून सुटली. मग बोटांना आपोआप सगळं आठवलं. पडायच्या आत ती एकेक अक्षर उचलत गेली आणि शेजारच्या मशीनवर कुणीतरी बसलंय, लाखेचा वास येतोय, असं तिला वाटत राहिलं. शेवटचं अक्षर वाचलं. क्षणभर काहीच झालं नाही…

मग ते सूर वाजले. पत्र्याच्या पिपाणीतून यावेत तसे, किनरे, अडखळत. ती गत वर जात होती आणि मध्येच थबकून खाली उतरत होती. खाली दुकानात नवी सतार तयार झाल्याचं त्यावरून वरच्या सगळ्यांना कळायचं.

वाजून संपलं.

वैजयंतीने पदरानं डोळे पुसले. मग तिच्यातली जुनी विद्यार्थिनी जागी झाली. हा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला होता. म्हणजे याच्यावरही पहारा असणार.

“सर, तुमच्याकडं अँटिव्हायरस नाही?”

“आहे की.”

“कोणतं?”

“तुझंच. पैकीच्या पैकी मिळालेलं. चांगलं आहे.”

ती त्यांच्याकडं बघत राहिली.

“मग यानं यासीनला हात कसा लावला नाही?”

सरांनी घडी केलेलं कव्हर उलगडलं आणि त्याचे कोपरे जुळवले.

“मी त्यांची ओळख करून दिली होती,” ते म्हणाले.