एक तार काढ

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी आठपर्यंत दाट धुकं, मग स्वच्छ ऊन. वारा नाही.

"अजून किती वॅट लागतील, चाचा?"

बाबालालचाचांनी मान वर केली नाही. ते प्लायवूडच्या एका कडेला रंधा मारत होते.

"कशाला?"

"सबवूफरला. सहाशेचा अॅम्प्लिफायर आहे. हजाराचा घ्यावा म्हणतो."

रंधा थांबला.

"सहाशेचं काय झालं?"

"पुरत नाहीत."

"कुणाला?"

मी हातातली वही मिटली…

गडहिंग्लजहून संकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर चाचांची पत्र्याची शेड आहे. मूळचे सुतार. वीस-बावीस वर्षं झाली, गाड्यांमधल्या सबवूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचे, बॉक्स करतात. वय सत्तरच्या पुढे, चालताना हातात काठी. मी नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडतो. बॉक्स करण्याचं रीतसर काहीच शिकलेलो नाही. वर्षभर दर रविवारी चाचांकडे येतो, विचारतो, वहीत लिहून घेतो आणि घरी जाऊन करतो. कितीही विचारलं तरी त्यांनी कधी हाकललं नाही. नावाने मात्र कधी हाक मारली नाही. वहीवाले म्हणतात.

"बोला वहीवाले. कुणाला पुरत न्हाईत?"

मी बाहेर बोट केलं. करंजाच्या झाडाखाली बाकावर अण्णा बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. रस्त्यावरून एसटी गेली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. तीस वर्षं त्यांनी कुस्तीच्या मैदानात हलगीच्या साथीला घुमकं वाजवलं. हलगी पुढे कडाडते, ती सगळ्यांना ऐकू येते. घुमकं मागून येतं, पायांतून. तीन वर्षांपूर्वी तापात अण्णांचे दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. त्यानंतर ते कुठल्याच मैदानाला गेले नाहीत. हळूहळू बोलणंही कमी झालं.

गेल्या वर्षी दिवाळीत घरासमोरून खडीने भरलेला डंपर गेला. अण्णांनी छातीवर हात ठेवला.

"ह्ये वाजलं," ते म्हणाले.

त्या रात्री मी ही वही आणली.

"वाच," चाचा म्हणाले. "काय काय केलंस ते."

मी वाचलं. दहा इंची सबवूफर दोन. एक नवा. एक जुना, हवा ढकलणारा पुढचा कागद फाटलेला. तो कागद मी स्वतः बदलला. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड. मधे फळी घालून दोन कप्पे, दोन्ही स्पीकरना आपापली हवा. एकेका कप्प्यात तीस लिटर, त्यातून स्पीकरने अडवलेली जागा वजा केलेली. दर चार इंचांवर स्क्रू. आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉन. बॅटरीपासून बोटाएवढी जाड तार, फ्यूज बॅटरीजवळच. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा…

"फळी घालायची ते म्या सांगिटलं व्हतं?"

"नाही. ते माझं."

"हां." चाचांनी रंधा बाजूला ठेवला. "चल, बघू तुझं."

मी माझ्या व्हॅनचं मागचं दार उघडलं. चाचांनी उदबत्ती पेटवली आणि बॉक्सच्या सांध्यांवरून सावकाश फिरवली. मी स्पीकर हलके चालू ठेवले होते. कुठे फट असती तर धूर थरथरला असता.

धूर सरळ वर गेला.

"खोका झकास केलायस लेका. म्या बी असा एकदा करीन म्हणतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला वर्षभरात कळलेलं नाही. पण मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर, छाती फुगली.

"म्हणून तर म्हणतो, चाचा. बॉक्समध्ये चूक नाही. वॅटच कमी पडतायत."

"अण्णाला बसवून बघिटलंस?"

"मागच्या रविवारी."

"काय म्हटला?"

सांगावंसं वाटत नव्हतं…

"पुढच्या सीटवर बसवलं. मैदानातलं रेकॉर्डिंग लावलं. मोठं लावलं. पाच मिनिटांनी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, झकास हाय रं."

"मग?"

"मग म्हणाले, आता चालू कर की."

चाचा हसले नाहीत.

"आज यायलाच तयार नव्हते," मी म्हणालो. "म्हणाले, मला त्यात परत बसवू नको, सर्जा. तुझं तोंड बघवत न्हाई मला."

चाचांनी उदबत्ती मातीत खोचली.

"लाव."

मी लावलं. दोन्ही सबवूफर जोरात हलू लागले. मागची काच खडखडली. चाचांनी पुढच्या सीटच्या पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

बराच वेळ तसेच.

"एक काढ," ते म्हणाले.

"काय?"

"एक तार काढ. एक स्पीकर बंद कर."

"चाचा, दोन पुरत नाहीत म्हणून तर…"

"ऐकलं म्या."

"कुठला काढू? नवा की जुना?"

"तुझ्या मनाला येईल त्यो."

"अहो, पण हिशेब आहे. एक काढला तर अर्धंच…"

चाचा वाकले आणि अॅम्पमधून जुन्या स्पीकरची तार स्वतः उपटली.

सीट हादरली.

माझ्या पोटात काहीतरी आपटलं. करंजाच्या फांदीवरची दोन कबुतरं उडाली. एकच स्पीकर चालू होता, आणि घुमकं जमिनीतून वर येत होतं…

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

"काय वाढवलंत?"

"तुझ्यासमोरच काढलं की."

"एका स्पीकरने दोघांपेक्षा जास्त कसं वाजेल?"

चाचांनी खिशातून टॉर्चचा सेल काढला. त्यांच्या शेडमध्ये कुठलाही स्पीकर आला की आधी त्याला सेल लावतात. कोरा, सीलबंद असला तरी. गिऱ्हाईक हसतं, ते लावतात. मी वर्षभर पाहत आलो होतो. वहीत लिहिलंही होतं: चाचांची सवय.

दोन्ही स्पीकरच्या तारा त्यांनी सोडवून घेतल्या. लाल तार सेलच्या डोक्याला, काळी बुडाला.

नव्या स्पीकरचा कागद टक् करून बाहेर आला.

मग जुना. लाल डोक्याला, काळी बुडाला.

टक्. कागद आत गेला.

त्यांनी पुन्हा केलं. एक बाहेर. एक आत.

"दोगं बी ताकदीचं हायत," चाचा म्हणाले. "एक हवा ढकलतोय, दुसरा तीच ओढून घेतोय. आता तू हजार वॅट दे, न्हाईतर दहा हजार."

मी वही उघडली. पान एकेचाळीस. लाल लालला, काळी काळीला. तीनदा तपासलेलं, समोर तीन खुणा.

"वहीत बरोबर आहे, चाचा."

"वही बरोबरच हाय."

"मग?"

"जुन्यावर लाल खूण कुणी केली?"

मी वाकून पाहिलं. स्पीकरच्या एका टोकाला लाल ठिपका होता. ऑइलपेंटचा. कागद बदलला तेव्हा आतल्या बारीक तारा मीच डाग देऊन जोडल्या होत्या. कुठली कुठे, ते कळायला खूण उरली नव्हती. अंदाजाने जोडल्या. आणि मग नंतर गोंधळ नको, म्हणून ठिपका लावला.

तीनदा तपासताना तीनही वेळा मी माझाच ठिपका पाहिला होता.

मी चाचांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"आदी तार सरळ कर. पाय कुटं जात न्हाईत."

जुन्याची लाल आणि काळी अदलाबदल केली. चाचांनी पुन्हा सेल लावला. दोन्ही कागद बाहेर आले. मग रेकॉर्डिंग लावलं, आणि चाचांनीच अॅम्पची आवाजाची खुंटी मागे फिरवली. निम्म्याच्याही खाली. एक तृतीयांशावर ठेवली.

"एवढं कमी कशाला? अण्णांना ऐकू येत नाही, चाचा."

"ऐकाया येत न्हाई. अंगाला लागतंय की न्हाई त्येला?"

मी खुंटीला हात लावला नाही.

"बोलावतो त्यांना," मी म्हणालो.

"तू नको."

चाचांनी काठी व्हॅनला टेकवून ठेवली आणि लंगडत करंजाखाली गेले. अण्णांसमोर उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि कोपर पुढे केलं. अण्णा लगबगीने उठले. म्हाताऱ्याला धरून हळूहळू गाडीपर्यंत घेऊन आले. चाचा मागच्या दारात टेकले आणि आता तू बस, अशी पुढच्या सीटकडे खूण केली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी नजर वळवली.

"वहीवाले," चाचा म्हणाले, "तू तिकडं जा. त्या रस्त्याकडंच्या खांबाजवळ."

"मी इथंच थांबतो ना. मला बघायचंय."

"तेच. पाठ करून उभा ऱ्हा."

"पाठ?"

"तू तोंडाकडं बघतोस म्हणून त्यो झकास म्हणतोय."

वर्षभराचं काम होतं. दोनशे बारा पानं होती. त्यांचं शेवटचं पान बघायला मी नसणार, असं चाचा सांगत होते…

मी खांबाजवळ गेलो आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं.

मागे व्हॅनचं दार लागल्याचा आवाज आला. रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लागलं. आधी हलगी. मग घुमकं, मोठं नाही, पण भरलेलं. माझ्या तळपायाला लागत होतं.

एक मिनिट.

चार मिनिटं.

अण्णांचा आवाज नाही. मी उसाच्या ट्रॉल्या मोजू लागलो. सात गेल्या. वळून पाहावं असं फार वाटलं. नाही पाहिलं.

मग ठक् असा आवाज आला. पुन्हा ठक्. कुणीतरी डॅशबोर्डवर हाताने मारत होतं. ठक्, ठक्… घुमक्याच्या किंचित आधी. दर वेळी किंचित आधी.

"ए सर्जा!"

ऐकू येत नसलेल्या माणसाचा आवाज, रस्त्यापलीकडे जाईल एवढा मोठा. तीन वर्षांत तो तसा आला नव्हता.

"सर्जा! ह्यो घुमकंवाला मागं पडतोय रं! कोण हाय ह्यो? काय शिकलाय का न्हाई?"

ठक्. ठक्.

"असं! असं मारायचं! हातात जीव हाय का त्येच्या!"

डोळ्यांतलं पाणी पुसायला दोन्ही हात लागले, म्हणून वही खाली ठेवली.

काठी न घेताच चाचा माझ्याजवळ आले होते. बरेच भरभर. ते व्हॅनकडे तोंड करून उभे होते, मी रस्त्याकडे.

"चाचा, रेकॉर्डिंग बारा वर्षांपूर्वीचं आहे. कापशीच्या मैदानातलं."

"असंल."

"घुमक्यावर अण्णाच आहेत. ते स्वतः."

मागे हात पडतच होता. अकरा बेचाळीस झाले. अण्णा बावीस मिनिटं आत होते.

"सांगू त्यांना?"

"नको," चाचा म्हणाले. "शिकवू दे की त्येला."