थरथरता तांब्या

एकदा एका समुद्रकाठच्या गावी एक वृद्ध पाळक राहत होते. गावातल्या ख्रिस्ती मंडळीची सेवा त्यांनी आयुष्यभर केली होती आणि उतारवयात एक वेगळेच काम अंगावर घेतले होते. परदेशी जाऊन नव्या मंडळ्या स्थापन करू इच्छिणाऱ्या तरुणांची पथके ते तयार करीत. परकी भाषा, परके अन्न, आजाऱ्याची शुश्रूषा, सारे शिकवीत. तरुणांना मात्र गाण्याचा भारी सोस. भीती वाटली की झांज घ्यायची आणि मोठ्याने स्तोत्र म्हणायचे, असा पथकांचा शिरस्ताच पडून गेला होता.

त्या वर्षीच्या पथकाचा प्रमुख थिओफिल नावाचा तरुण होता. जहाज सुटायची वेळ जवळ आली आणि त्याला भीती वाटू लागली. जिथे जायचे त्या देशात परक्यांच्या अंगावर कुत्री सोडतात असे त्याने ऐकले होते. आधीच्या पथकातला एक जण तिथून परतलाच नव्हता आणि त्याचे काय झाले हे कुणालाही सांगता येत नव्हते. सोबत्यांसमोर तो हसून बोले आणि आडोशाला गेला की त्या न परतलेल्या माणसाचाच विचार करत बसे. अखेर तो पाळकांकडे गेला.

"बाबा, माझ्याच्यानं हे होणार नाही," तो म्हणाला. "मला जिवाची भीती वाटते. बाकीचे सगळे माझ्या भरवशावर निघालेत. तुम्ही प्रार्थना करून ही भीती काढून टाका, नाहीतर दुसऱ्या कुणाला प्रमुख नेमा."

धीर देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. पाठीवर हात ठेवून 'काही होत नाही' म्हणायला कुणाचे काय जाते? वृद्ध पाळक तसे काही म्हणाले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा एक लांब काळा कोट काढून त्याच्या अंगात घातला आणि कुलूप लावलेली पत्र्याची पेटी त्याच्या हाती दिली.

"डोंगरापलीकडे एक वस्ती आहे," ते म्हणाले. "त्यांची बोली तुला येत नाही. उद्या सकाळी तिथे जा आणि विहिरीजवळच्या झाडाखाली बसून राहा. कुणाच्या दारात जाऊ नकोस. दिवस कलला की परत ये."

"पण बाबा, हे कशासाठी?"

"आधी जाऊन तर ये."

थिओफिल गेला. जाताना झांज मात्र त्याने कोटाच्या खिशात टाकली. वस्तीत पाऊल ठेवताच अंगणात खेळणारी मुले आत ओढली गेली. तो झाडाखाली बसला, तशी विहिरीवरच्या बायका भरलेल्या घागरी तिथेच ठेवून निघून गेल्या. काही पुरुष कुऱ्हाडी घेऊन दूर उभे राहिले आणि त्याच्या पेटीकडे टक लावून पाहू लागले. कुणी ओरडले नाही, कुणी हाकलले नाही. ती शांतता त्याला सोसवेना. मग त्याने पथकाच्या शिरस्त्याप्रमाणे झांज काढली आणि डोळे मिटून मोठ्याने गायला सुरुवात केली. डोळे उघडून पाहतो तो एकही दार उघडे नव्हते.

त्याने गाणे थांबवले. आता हे लोक आपल्याला मारणार, या विचाराने त्याला उठून पळावेसे वाटले, पण दिवस कलेपर्यंत बसायला सांगितले होते, म्हणून तो बसून राहिला. ऊन डोक्यावर आले. तेव्हा एका झोपडीचे दार किलकिले झाले आणि एक म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली. ती फार हळू चालत होती. तांब्या इतका थरथरत होता की निम्मे पाणी वाटेतच सांडले. त्याच्यापासून हातभर दूर तो ठेवून, पाठ न वळवता, ती मागे मागे सरकत घरात गेली. थिओफिल पाणी प्यायला. त्याचेही हात थरथरत होते.

दिवस कलल्यावर तो परतला. पाळक खिंडीतल्या दगडावर वाट पाहत बसले होते; तिथून वस्तीतली विहीर आणि झाड स्पष्ट दिसत होते.

"भीती वाटली?"

"आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी."

"आणि त्या म्हातारीला?"

थिओफिलच्या डोळ्यांसमोर तो तांब्या आला.

पाळक म्हणाले, "पूर्वी असेच काळे कोट घातलेली माणसं त्या वस्तीत आली होती. त्याच झाडाखाली बसली. अशाच पेट्या होत्या त्यांच्याजवळ. त्यांनी जमिनी खाली करायची दवंडी पिटली आणि निम्म्या वस्तीला घरं सोडून जावं लागलं. म्हातारीचा मुलगा तेव्हा गाव सोडून गेला, तो परत आला नाही. हे तिनंच मला सांगितलं, पण तेवढी ओळख व्हायला फार वर्षं लागली."

थिओफिलचा चेहरा उतरला. "बाबा, हे ठाऊक असून तुम्ही मला हा कोट घालून पाठवलंत? त्या बाईचा काय दोष होता?"

"काहीच नव्हता. आपण आत्ताच तिची क्षमा मागायला जाणार आहोत. पण मी नुसतं सांगितलं असतं तर तू मान डोलावून विसरला असतास. तू जाशील तिथेही तुझ्याआधी कुणीतरी असा कोट घालून जाऊन आलेलं असेल. तू दाराबाहेर आपल्या जिवाला भीत उभा राहशील आणि आत कुणीतरी लेकराला पोटाशी धरून तुला भीत असेल. भ्यालेल्या माणसांपुढे झांज वाजवून मंडळी उभी राहत नाही, बाळा. तुझी भीती मी काढून घेणार नाही. ती बरोबर ने. तिच्यामुळेच तुला दाराआडची भीती दिसेल."

थिओफिलने कोट काढला, पेटी तिथेच ठेवली आणि दोघे वस्तीकडे चालू लागले.

निरोपाच्या उपासनेत पाळकांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, तेव्हा तो कापतच होता. पण दुसऱ्याला प्रमुख नेमा, असे तो पुन्हा म्हणाला नाही.

परक्या देशातल्या पहिल्याच गावात कुत्री खरोखरच भुंकत आली. सोबत्यांनी झांजा काढल्या. थिओफिलने त्यांना हाताने थांबवले, सारे सामान दूर ठेवायला लावले आणि एका बंद दारापासून अंतर राखून तो जमिनीवर बसला. बराच वेळ गेला. मग दार बोटभर उघडले आणि फटीतून पाण्याचे भांडे धरलेला एक हात बाहेर आला. तो हात थरथरत होता.

थिओफिलने आपला थरथरता हात पुढे केला.