कुळवंत मार्थाचा मासा

"ही संत मार्था आहे की भांडी घासणारी?" सरदार बेल्त्रान चित्रापुढे नाक मुरडून उभा होता. स्वतःचे मोजे चढवायलाही याला दोन नोकर लागत, पण संतांची पारख मात्र यालाच!

सेव्हिल शहरातल्या लोरेन्सो चित्रकाराची रीतच तशी. समोर बघितल्याशिवाय तो काही काढत नसे. संत हवा तर पाणक्याला बसवायचा, देवदूत हवा तर परटाच्या पोरीला. मागे काळाकुट्ट अंधार, एका खिडकीचा उजेड, आणि त्या उजेडात मासा असा, की मांजरानं झेप घ्यावी. आता मार्था म्हणजे कोण, तर येशू घरी पाहुणा आला तेव्हा चुलीपाशी राबलेली बाई. म्हणून त्यानं आपल्या स्वयंपाकीणबाईला, कासिल्दाला बसवलं. भाजलेली बोटं, घामेजलेलं कपाळ, सगळं जसंच्या तसं.

"माझ्या चर्चमध्ये मी स्वयंपाकिणीपुढे गुडघे टेकू?" सरदार म्हणाला. "दुसरं चित्र काढ. मार्था मासा साफ करतानाच हवी, पण चेहरा आणि हात कुळवंत घराण्यातले. ईस्टरच्या आत झालं नाही, तर तुझ्या चित्रशाळेला कुलूप."

लोरेन्सोचा चेहरा उतरला. कुळवंत बाई मासा कशाला धरतेय? आणि न बघता काढायचं, तर याला साधी चिमणी जमत नव्हती.

कासिल्दा कमरेच्या फडक्याला हात पुसत पुढे आली. "सरकार, कुळवंत बाई तुमच्या घरातच आहे की. बहीणबाईंना धाडा. फक्त एक शब्द द्या. मालक समोर दिसेल तेच काढतील, मग नावं ठेवायची नाहीत."

"दिला शब्द. उर्राकाच्या चेहऱ्याला कोण नावं ठेवणार?"

संत व्हायला मिळतंय म्हटल्यावर सरदाराची बहीण उर्राका लगेच आली. रेशमी झगा, कोपरापर्यंत हातमोजे, सोबत पंखा घालायला दासी. कासिल्दानं तिच्या हाती मासा दिला.

"ई, हा माझ्याकडे बघतोय."

"मेलाय तो, बाईसाहेब. घासा सुरीनं."

"दासी घासेल."

"दासी चित्रात चालत नाही. सरकारांचा हुकूम आहे," कासिल्दा म्हणाली.

मग उर्राकानं माशाच्या शेपटीला केसांतली फीत बांधली आणि तो लांब धरला. त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. पंख्याच्या दांड्यानं दोनदा टोचलं आणि नाक चिमटीत धरून डोळे घट्ट मिटून घेतले. लोरेन्सो दिसेल ते रंगवत राहिला.

ईस्टरला सगळ्या पाहुण्यांसमोर पडदा सरला. तोच काळा अंधार, तोच खिडकीचा उजेड, आणि मधोमध फितीला लटकलेला मासा. मार्थानं नाक चिमटीत धरलेलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

सरदाराचा चेहरा लालबुंद झाला. "हे काय आहे?"

"चेहरा कुळवंत, हात कुळवंत," कासिल्दा म्हणाली. "हुकमात काही कमी पडलं का, सरकार?"

"अगं, पण ही मार्था वाटते का?"

"ते मी अडाणी काय सांगणार? एवढं खरं, की मार्था अशी असती तर येशू त्या घरातून उपाशीच उठला असता."

सरदारानं बहिणीकडे बघितलं. ती अजून हाताचा वास घेत होती. मग तो असा हसला, असा हसला, की गळ्याभोवतीची ताठ झालर सुटून खाली पडली. ती उचलायला दोन नोकर धावले.

कासिल्दाचं जुनं चित्र त्याच दिवशी चर्चमध्ये लागलं. चित्रशाळेचं कुलूप टळलं आणि कासिल्दाला बक्षीस म्हणून पुढच्या रांगेत कायमची जागा मिळाली, थेट उर्राकाच्या शेजारी. दर रविवारी दोघी त्या चित्रापुढे गुडघे टेकायच्या. उर्राकानं मान वर केली की समोर कासिल्दा, आणि वळवली की शेजारी कासिल्दा.